पेव, वाळवण आणि फ्रीझर : घरची साठवण घराबाहेर कशी गेली



पेरण्या उरकल्यात, पाऊस लागलाय, हाताला जरा सवड आहे. म्हणून आज फवारणी-खताचं बाजूला ठेवून चुलीजवळचं लिहितो.

हल्ली घराघरातल्या मोबाईलवर काटकसरीच्या टिपा फिरतात. वाटाणा स्वस्त असताना सोलून फ्रीझरमध्ये ठेवा, टोमॅटो उकडून त्याचा गर गोठवा, आलं-लसूण वाटून बर्फाच्या साच्यात घाला. चांगलंच आहे. स्वस्ताईत घ्यायचं आणि महागाईत खायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण हे काम आपल्या आज्या-पणज्या विजेशिवाय करत होत्या. तेही चार भाज्यांपुरतं नाही, वर्षाचं धान्य, डाळ, तिखट, भाजी सगळं घरात असायचं. त्याला शब्दच होता, बेगमी. पावसाळ्याची बेगमी, लग्नाची बेगमी, दुष्काळाची बेगमी. ही बेगमी घरातून बाहेर कशी गेली आणि कुणाकडं गेली, ते जरा मागून पुढं बघू. कारण माझं मत असं आहे की काटकसर म्हणजे कमी खाणं नाही. सुगीचा माल टंचाईच्या दिवसांपर्यंत आपल्या ताब्यात ठेवणं, ती खरी काटकसर. ज्याच्याकडं साठवण, त्याच्याकडं भावातला फरक राहतो.

आमचा भाग बार्शी-भूमच्या शिवेवरचा, रब्बी ज्वारीचा. इथं जुन्या गावठाणात घरं पाडताना अजूनही पेव लागतं. नव्या पोरांना पेव माहीत नाही म्हणून सविस्तर सांगतो.

पेव म्हणजे जमिनीतली धान्याची विहीर म्हणा. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, खाली मात्र घागरीसारखं फुगलेलं. काळ्या रानात पेव काढत नसत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात ओल धरते. मुरमाड, पांढरीची उंच जागा बघायची. खोदून झालं की आत जाळ करून भिंती सुकवायच्या. तळाला आणि कडेनं कडबा नाहीतर भुसा लावायचा, मग ज्वारी ओतायची, वर परत कडबा, त्यावर फरशी, आणि फरशीच्या कडा चिखलानं लिंपून वर माती. लहान पेवात दहा-वीस पोती, मोठ्यात शंभराच्या वर. नीट बसलेलं पेव दोन-तीन वर्षं उघडायची गरज नव्हती.

आता यातलं शास्त्र बघा. बंद पेवात धान्य आणि त्यातले किडे श्वास घेतात. आतला ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे गुदमरून मरतात. औषधाची गोळी नाही, पावडर नाही. म्हणूनच पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही असा दंडक होता. तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, मग दोरीनं दिवा नाहीतर कंदील सोडायचा. तो विझला तर आत जीवाला धोका. घाईनं उतरून माणसं दगावल्याच्या गोष्टी पेवाच्या प्रत्येक गावात आहेत.

हीच युक्ती आता हवाबंद पिशव्यांच्या रूपानं आलीय. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये, चवळी टिकवायला एकात एक अशा पिशव्या वापरायचं तंत्र बसवलं. तत्त्व तेच, हवा कोंडायची. त्या पिशव्यांबद्दल कृषी विद्यापीठातला माणूस सांगायला लागला की आमच्या इथले म्हातारे गालात हसतात.

पेवाचे दोषही सांगितले पाहिजेत. कडेची ज्वारी काळपट पडायची, तिला एक आंबूस वास यायचा. ती जनावराला नाहीतर गड्याला जायची, हेही खरं. शिवाय पेवातलं धान्य बियाण्याला चालत नसे, उगवण बसायची. म्हणून बी वेगळं. निवडक कणसं आढ्याला टांगलेली, नाहीतर वाळलेल्या भोपळ्यात राख मिसळून ठेवलेलं.

पेव सगळीकडं नव्हतं. आपल्याकडं कणगी होती, तुराट्यांची नाहीतर बांबूची विणून शेणमातीनं लिंपलेली. वाड्यात बळद होतं. कोकणात भाताच्या पेंढ्याच्या मुड्या बांधत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, कितीतरी वर्षं त्यात हळद टिकली, 2005 च्या महापुरात पाणी शिरून त्यांची मोठी हानी झाली. राज्यकर्त्यांचीही साठवण होतीच. पन्हाळ्यावरचा अंबरखाना बघितला असेल. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावं, आणि गंगा कोठीतच 25,000 खंडी धान्य मावायचं असं सांगतात.

घरातल्या थोड्या धान्याला राख, निंबाचा पाला, बिब्बे. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. यातलं काय खरं काम करतं ते मी वापरून सांगतो. चाळलेली कोरडी राख कडधान्याला चांगली. दाण्यांमधल्या फटी बुजतात, भुंग्याला फिरता येत नाही, त्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जातो. एरंडेलाचं बोट डाळीला लागलं की भुंग्याची अंडी दाण्यावर जगत नाहीत. किलोला चहाचा एक चमचा बास होतो. निंबाच्या पाल्यानं मात्र थोडाफारच फरक पडतो. पाला ओला टाकला तर उलटी ओल लागते, सावलीत वाळवलेलाच घाला. पण सगळ्यात मोठं औषध म्हणजे वाळवणं. दाणा दाताखाली धरला की कटकन तुटला पाहिजे, चेपला तर नाही. आजच्या भाषेत धान्याला ओलावा 12 टक्क्यांच्या आत. आमची आई मशीनशिवाय हेच मोजायची.

आता धान्यावरून भाजीकडं. वाळवण म्हटलं की शहरातल्या लोकांना पापड-कुरडया आठवतात. त्या सणासुदीच्या. खरी काटकसर होती वाळवलेल्या भाजीत. माघ-फाल्गुनात वांगी, गवार, भेंडी, कारली सगळी एकदम येतात, कुणी विचारत नाही. त्याच्या काचऱ्या करून पत्र्यावर नाहीतर बाजेवर वाळवायच्या. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, वाळवून, चुरून मडक्यात भरायचा. चैत्र-वैशाखात रानात हिरवं काही नसतं, तेव्हा त्या पाल्याची शेंगदाण्याचा कूट घालून भाजी आणि ज्वारीची भाकरी. पाला खुडल्यानं हरभऱ्याला फुटवे जास्त येतात हे वेगळंच. म्हणजे शेंडा खुडणीची मजुरी भाजीच्या रूपानं वसूल. कोहळ्याचे, मुगाचे सांडगे, ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या, चिंच मीठ लावून गोळे करून. कोकणात आमसुलं, आंब्याची साठं, सुके बोंबील, जवळा. तिकडं पाऊस लागायच्या आधीच्या खरेदीला आगोटची खरेदी म्हणतात. चार महिने होड्या बंद, रस्ते बंद, त्यामुळं मेच्या शेवटाला घर भरलेलं असलंच पाहिजे.

आणि उरलेल्याचं काय करायचं, तेही ठरलेलं. पुरणाची डाळ शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, त्याची कटाची आमटी. सणाचा स्वयंपाक म्हणून आज ती हॉटेलात मिळते, मूळ ती पाणी वाया न घालवण्याची रीत. शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीला. ज्वारी भरडताना निघालेल्या कण्या ताकात शिजवायच्या. पीठ आंबवून आंबील. अंबाडी आंबट म्हणून तिच्यात कण्या आणि डाळ, म्हणजे थोड्या भाजीत आठ माणसं जेवतात. वाया जाणं हा प्रकार नव्हता, कारण शेवटी म्हशीची पाटी होतीच.

एवढं लिहिल्यावर एक खुलासा करणं भाग आहे, नाहीतर "जुना काळ किती चांगला" म्हणून लोक अंगठे दाखवतील. पेव हे पाटलाचं, देशमुखाचं, सावकाराचं जास्त आणि गरीब कुळाचं कमी. ज्याची रास खळ्यावरच सावकार मोजून नेत होता, त्याला कणगी कशाची. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठून कर्जाची कागदपत्रं जाळली, दख्खनचे दंगे म्हणतात ते. त्यामागं हेच दुखणं होतं. पिकवणाऱ्याच्या घरी माल राहत नव्हता. आणि दुसरं, हे सगळं वाळवण-निवडण-लिंपण बायकांच्या अंगावर होतं. दिवसभर रानात खुरपून आल्यावर रात्री कुरडईचा गहू वाटायचा. काटकसर घरात मोजायची वेळ आली की सगळ्यात शेवटी जेवणारीच्या ताटातूनच ती व्हायची. हे विसरून जुन्याचं कौतुक करणं मला पटत नाही.

आता साठवण बाहेर कशी गेली. पहिला धक्का रेल्वेचा. 1860 ला रेल्वे सोलापुरात पोचली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध (1861 ते 1865) झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्वारीची रानं कापसाखाली गेली. आधी धान्य लांब नेऊन विकणं परवडत नव्हतं, बैलाच्या पाठीवर किती जाणार, म्हणून ते पेवात राहायचं. आता स्टेशनावर व्यापारी रोख पैसे द्यायला लागला. शेतसारा रोखीत भरायचा, सावकाराचं व्याज रोखीत. पेवातली ज्वारी गाडीत चढली. आमच्या बार्शीला 1897 साली छोटी रेल्वे आली, बार्शी लाईट रेल्वे, कालथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची. अडीच फुटी रुळांची गाडी. तिनं बार्शीची बाजारपेठ वाढवली, हे मान्यच. पण खेडोपाडीचं धान्य ओढून न्यायची सोयही तीच.

रेल्वेनं एक गोष्ट चांगली होईल असं सरकार म्हणत होतं, की दुष्काळात धान्य येईल. आलंही. पण धान्य येऊन उपयोग काय, विकत घ्यायला खिशात पैसा नको का? 1876 ते 78 च्या दुष्काळात भाव एवढे चढले की दुष्काळी कामावरच्या मजुरीत पोट भरेना. 1877 ला सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी आणखी कमी केली. गड्याला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्याला. आपल्या इथल्या हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करायचं नाकारलं, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. 450 ग्रॅम ज्वारीत कुठलीही सुगरण काटकसर करू शकत नाही. त्यानंतर 1896-97 आणि लगेच 1899-1900, असे दोन मोठे दुष्काळ. तोपर्यंत कितीतरी गावांतली पेवं रिकामीच होती.

दुसरा टप्पा लढाईचा. 1943 ला मुंबईत रेशनिंग सुरू झालं. शहराला धान्य पुरवायचं म्हणजे खेड्यातून उचललं पाहिजे. आमची शीव दोन राज्यांची होती, बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि भूम निजामाच्या. लेव्ही दोन्हीकडं. एकरामागं इतकं धान्य सरकारला द्यायचंच. त्या काळात पेवाला नवीन काम लागलं, दडवायचं. म्हातारी माणसं सांगायची, पेवाच्या तोंडावर उकिरडा केला जायचा, नाहीतर दावण हलवून त्यावर म्हैस बांधली जायची. कामगाराला कळलं तर धान्यही जायचं आणि अब्रूही.

स्वातंत्र्यानंतरही टंचाई होतीच. 1956 ला अमेरिकेशी पीएल-480 चा करार होऊन गहू यायला लागला. आपल्या बांधावरचं गाजर गवत त्याच गव्हाबरोबर आलं असं मानतात, पुण्यात ते 1955-56 च्या सुमारास दिसलं. 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायची विनंती केली आणि लोकांनी ती मानली, हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद असत. एका देशानं मिळून केलेली काटकसर म्हणा. त्याच 1965 साली अन्न महामंडळ सुरू झालं. साठवण आता सरकारी गोदामात गेली. ज्वारीची लेव्ही परत आली. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी हायब्रीडचा ध्यास घेतला. 1964 ला आलेली सीएसएच-1 ज्वारी एकरी पिकायची भरपूर, पण पावसात कणीस सापडलं की दाणा काळा पडायचा आणि तो दाणा मालदांडीसारखा टिकत नव्हता. पिकवायला उत्तम, ठेवायला वाईट. आलं की विकून मोकळं व्हायचं, असं त्याचं गणित. पेव बुजवायला हे एक कारण पुरेसं होतं.

मग 1972. मी तेव्हा अगदी लहान, आठवायचं वय नव्हतं, पण आईच्या तोंडून इतकं ऐकलंय की बघितल्यासारखं वाटतं. सलग तीन वर्षं पावसानं ओढ दिलेली, तिसऱ्या वर्षी तर विहिरींचे तळ उघडे. घरात साठवण असलेल्यांची पहिल्या वर्षी संपली, दुसऱ्या वर्षी बियाणंही खाल्लं. पेव-कणगीची मर्यादा इथं दिसते. ओतायलाच काही नसेल तर ती काय करणार? दुष्काळी कामं निघाली, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी. मे 1973 मध्ये राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं या कामांवर होती. शंभर वर्षांपूर्वीच्या टेंपलच्या मजुरीपेक्षा हे खूप बरं होतं. माणसं हाल सोसून जगली, किड्यामुंगीसारखी मेली नाहीत. त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना कायद्यात आली.

रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची, मिलो. तिचं पीठ थापताना भाकरी तुटायची. आई सांगायची, पिठात उकळतं पाणी घालून उकड केली, चांगली मळली, तर निदान तव्यापर्यंत जायची. ही युक्ती विहिरीवर एका बाईनं दुसरीला सांगितली आणि आठ दिवसांत गावभर झाली. कामावर सुकडी मिळायची, गोडसर भरड. आई तिथं अर्धी खायची आणि अर्धी पदराला बांधून आणायची, पाण्यात शिजवून आम्हा पोरांना द्यायची. त्या वर्षी बायकांनी जी भाज्यांची माहिती वापरली ती आजच्या कृषी पदवीधराला असेल का, शंका आहे. तांदुळजा, घोळ, कुर्डू, तरोटा, पाथरी. बरबड्याचं बी गोळा करून, कुटून त्याची भाकर. तणनाशक मारताना मला हे दरवेळी आठवतं.

1972 नंतर चित्र पालटलं. ज्यानं ते वर्ष बघितलं त्यानं पुढची चाळीस वर्षं दोन पोती ज्वारी घरात जास्तीची ठेवली. आमच्या आईनं ठेवली. त्याच्या पोरानं, म्हणजे माझ्या पिढीनं, ऊस-सोयाबीन लावलं आणि ज्वारी विकत आणायला सुरुवात केली. आणि माझ्या पोरांच्या पिढीला घरात पोतं ठेवलं की "उंदीर होतात" एवढंच दिसतं. साठवण दुकानात गेली. आज कितीतरी शेतकरी तूर विकतो आणि डाळ आणतो, मिरची विकतो आणि तिखटाची पुडी आणतो.

वाळवणाचंही तसंच झालं, पण तिथं एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावात सात गुजराती बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं. तेच पुढं लिज्जत झालं, हजारो बायकांचं. काम तेच जे आपल्या घरातल्या बायका फुकट करत होत्या. त्यांनी ते विकलं, हिशेब ठेवला आणि मालकी आपल्याकडं ठेवली. आता मराठवाड्यात काही गावांत बायका सोलर ड्रायरवर कांदा, टोमॅटो, आलं वाळवून कंपन्यांना देतात. टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ येते तेव्हा मला पत्र्यावरच्या काचऱ्या आठवतात. ड्रायर म्हणजे जाळी-काच लावलेला तोच पत्रा. धूळ-माशी नाही, रंग टिकतो, एवढा फरक.

आता फ्रीझर. गोठवून टिकवायचं तंत्र मोठ्या प्रमाणावर आणलं क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या अमेरिकन माणसानं. कॅनडाच्या लॅब्राडोर भागात तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासा क्षणात गोठवतात आणि महिन्यांनी तो ताज्यासारखा लागतो, हे त्यानं बघितलं. म्हणजे तेही कुणाच्या तरी आजीचंच ज्ञान. 1930 ला अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी त्याचा गोठवलेला माल दुकानात विकायला आला. पटकन गोठवलं तर आत बर्फाचे बारीक कण होतात. हळू गोठवलं तर मोठे होतात, ते भाजीच्या पेशी फाडतात आणि वितळल्यावर लगदा होतो. आपल्याकडं देशात बनलेला फ्रीज गोदरेजनं 1958 ला आणला, खेड्यात तो घरोघरी यायला पुढं पन्नास वर्षं गेली, आणि अजून वीज कधी जाईल याचा नेम नाही.

आमच्या घरात सूनबाई वाटाणा गोठवतात, पुरंदरचा वाटाणा बाजारात स्वस्त झाला की. रीत सांगतो, कारण बरेच जण कच्चाच टाकतात आणि मग दोन महिन्यांनी वास येतो. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यावर कोरडे. उकळत्या पाण्यानं दाण्यातली विकरं मरतात, नाहीतर ती थंडीतही हळूहळू रंग-चव बिघडवत राहतात. ताटात पसरून आधी गोठवा, मग पिशवीत भरा, पिशवीतली हवा काढा. गठ्ठा होत नाही.

पण यासाठी वेगळा डीप फ्रीझर घ्यायचा म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब करा. समजा फ्रीझर रोज दीड युनिट खातो आणि युनिट आठ रुपयाला पडतं. वर्षाला 4,380 रुपये झाले, फ्रीझरची किंमत वेगळी. समजा सुगीत सोललेला वाटाणा घरात 60 रुपयांना पडला आणि नंतर तोच 150 ला मिळतो. 20 किलो ठेवला तर वाचले 1,800. म्हणजे वाटाण्यापायी अडीच हजाराचा तोटा. जो फ्रीज चालूच आहे त्याच्या बर्फाच्या कप्प्यात चार-पाच किलो मावतो तेवढा ठेवा, त्याला वेगळी वीज फारशी लागत नाही. बाकीचं उन्हात. आपल्याकडं मार्च ते मे आभाळ फुकट भट्टी लावून देतं, आणि वाळलेल्या गवारीला लोडशेडिंगचं भय नाही.

फ्रीझरचा मला सापडलेला सगळ्यात चांगला उपयोग कडधान्याला आहे. मूग, चवळी, हरभरा किलो-दोन किलोच्या कोरड्या पिशव्या घट्ट बांधून चार-पाच दिवस गोठवायच्या. आतली भुंग्याची अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, घरातल्या हवेला येऊ द्यायची, नाहीतर दाण्यावर दव धरतं. मग ती कोरड्या डब्यात, वर्ष निघतं. पुढची पिशवी आत. एकाच कप्प्यात महिन्याभरात दहा-बारा किलो डाळी-कडधान्य निर्धोक होतं. बियाण्याचं हरभरं मात्र यात घालू नका, ओलावा जास्त असेल तर उगवण जाते.

मोठ्या मालाचं काय, हे विचाराल. तिथं पेव आता परत येणार नाही. पण तासगाव-सांगलीकडचे बेदाणावाले बघा, माल शीतगृहात ठेवतात, भाडं भरतात आणि विकायची वेळ स्वतः ठरवतात. आपल्या तूर-हरभरा-सोयाबीनला पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, 1990-91 पासून. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी. पोरीची फी, दुकानाची उधारी त्यातून भागते आणि माल सुगीच्या भावात जात नाही. सगळ्याच समित्या ही योजना चालवत नाहीत, गोदाम भरलेलं असतं, हेही आहे. सुगीच्या आधी दोन महिने जाऊन विचारून ठेवा.

आणि घरापुरती ज्वारी, तूर, गहू, मिरची विकू नका. आमच्या घरात आठ माणसांना वर्षाला ज्वारी सहा पोती लागते, तूर दीड पोतं. रास झाली की आधी ते बाजूला, मग बाकीचं बाजारात. तूर घरी भिजवून, माती लावून, जात्यावर भरडायचा वेळ आता बायकांना नाही, आणि त्यांनी तो काढावा असं मी म्हणणारही नाही. मिनी दालमिलवर भरडून आणतो. पिठाच्या गिरणीवाल्याकडंच आहे.

तुमच्या भागात वाळवलेल्या भाजीला काय म्हणतात ते लिहा. आमच्याकडं काचऱ्या, तिकडं विदर्भात आणि खानदेशात वेगळी नावं आहेत. आणि कुणाच्या गावठाणात पेव अजून शाबूत असेल तर बुजवायच्या आधी एक फोटो काढून पाठवा, तोंडाचं माप आणि खोली टेपनं मोजून. आत उतरू मात्र नका, आधी कंदील सोडा.